तीन महिने चालतोय, काटा जागचा हलेना. मग चालायचं कशाला?

गोदामवाला | २ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४६, उंची पाच फूट सहा इंच. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या होलसेलमध्ये आहे. गोदाम आणि हिशेब दोन्ही माझ्या गळ्यात, म्हणजे सकाळी दहा ते रात्री आठ खुर्ची, फोन आणि चहा. दिवाळीनंतर रिपोर्ट बघून आमचे फॅमिली डॉक्टर एवढंच म्हणाले, "चालायला लागा. नाहीतर पुढच्या दिवाळीला फराळाबरोबर गोळ्या."

१ डिसेंबरला सुरुवात केली. पार्क चौकातनं निघायचं, किल्ल्याला वळसा, सिद्धेश्वर तळ्यापर्यंत जाऊन परत. ४५ मिनिटं, आठवड्यातनं पाच दिवस. गड्ड्याच्या जत्रेत तिथं पाय ठेवायला जागा नसते, तेवढे दिवस चुकले. बाकी थंडीतसुद्धा खाडा नाही.

१ डिसेंबरला वजन ९१.२. काल ९०.४. तीन महिन्यांत आठशे ग्रॅम! बायको म्हणते, एवढं तर खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा बाजूला काढला तरी कमी होतं. जुळे सोलापुरातला एक मित्र कुठलीशी पावडर पिऊन दोन महिन्यांत सात किलो उतरलाय आणि रोज फोटो टाकतोय. मी मात्र बूट झिजवायलोय.

सरळ विचारतो. वजन उतरत नसेल तर या चालण्याचा काही उपयोग आहे का?

कडकभाकरी | २ मार्च, रात्री ११:०५

चालून झाल्यावर काय खाता ते सांगा आधी. मी पार्कवर रोज बघतो की. चालायला अर्धा तास आन् सांबार-वड्याला पाऊण तास.

गोदामवाला | २ मार्च, रात्री ११:१२

इडली-वडा. रोज नाही.

बरं, बहुतेक रोज.

कडकभाकरी | २ मार्च, रात्री ११:१४

बगा. सापडला चोर.

लॅबवाली | ३ मार्च, सकाळी ७:५०

वड्याचं राहू द्या. तुमच्या वजनाच्या माणसानं बेताच्या वेगानं पाऊण तास चाललं तर खर्च होतात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यातल्या काही नुसतं बसून राहिलात तरी गेल्याच असत्या. दोन वडे आणि साखरेचा चहा झाला की हिशेब मिटला. त्यामुळं काटा हलला नाही याचं मला काही नवल वाटत नाही.

मी लॅबमध्ये काम करते, रोज पाच-पन्नास लोकांचं रक्त काढते. मला तुमच्या काट्यात रस नाही, आकड्यांत आहे. दिवाळीनंतरचा रिपोर्ट आणि आत्ताचा, दोन्ही इथं टाका. आत्ताचा केला नसेल तर करून घ्या. लॅब तीच ठेवा आणि रात्रीपासून दहा-बारा तास उपाशी या. आदल्या रात्री मटण-भाकरी आणि वर 'थोडीशी' असा कार्यक्रम करून येऊ नका. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, लगेच फुगतं, मग लोक आमच्या मशीनला शिव्या देतात.

आणि एचबीएवनसी नक्की करा. उपाशीपोटीची साखर दोन दिवस भात सोडून खाली आणणारे महाभाग मी रोज बघते. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. तिथं परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास चालत नाही.

गोदामवाला | ६ मार्च, रात्री ९:३०

ताई, केली तपासणी. नोव्हेंबरचे आकडे आधी, आत्ताचे नंतर.

उपाशीपोटी साखर ११८, आता १०३. एचबीएवनसी ६.३, आता ५.९. ट्रायग्लिसराइड २३८, आता १६८. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, आता ३८. बीपी १३८/८८ होतं, आज डॉक्टरांकडं १२८/८२ भरलं. कंबर तेव्हा १०६ सेंटिमीटर होती. आज बायकोनं शिवणाच्या टेपनं मोजली तर १०१. मला वाटलं टेप सैल धरली, म्हणून परत मोजायला लावली. १०१च.

वजन तेच हं. ९०.४.

लॅबवाली | ६ मार्च, रात्री ९:४१

आणि तुम्ही विचारताय उपयोग काय!

स्टेथो | ७ मार्च, दुपारी ३:२०

मी फिजिशियन आहे. इथं कुणाला औषध सांगणार नाही, त्यासाठी आपापले डॉक्टर गाठा. पण हा धागा बघून राहवलं नाही, कारण याच प्रश्नावर माझी रोजची अर्धी ओपीडी जाते.

गोदामवाले, नोव्हेंबरात तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम होता, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडं नेणाऱ्या दुखण्यांचं गाठोडं. पाच गोष्टी बघतात: कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर (बायकांत ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४०च्या खाली (बायकांत ५०), बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन जमल्या की शिक्का बसतो. तुमच्या पाचही होत्या. आज चार आहेत, म्हणजे शिक्का पुसलेला नाही. पण एकूण एक आकडा योग्य दिशेनं सरकलाय, आणि तोही एक गोळी न घेता.

हे वजन न उतरता कसं झालं? तुमच्याच धंद्यातनं सांगतो.

स्नायू म्हणजे गोदाम. साखर म्हणजे ट्रकनं आलेला माल, रक्त म्हणजे बाहेरचा रस्ता. समोरचं शटर उघडायला इन्सुलिन नावाचा वॉचमन. पोट सुटलं, लिव्हरमध्ये आणि स्नायूंत चरबी शिरली की शटर जाम व्हायला लागतं. वॉचमन एकाचे दोन, दोनाचे चार बोलवावे लागतात, तरी माल रस्त्यावरच. पण या गोदामाला मागनं एक दार आहे. स्नायू आकुंचन पावायला लागला की साखर आत ओढणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या कडेला येऊन उभी राहतात, आणि त्यांना इन्सुलिनचा हुकूम लागत नाही. म्हणजे वॉचमन कितीही दमलेला असो, तुम्ही तळ्याकडं चालत असता तेव्हा माल मागच्या दारानं आत जात असतो. शिवाय आत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, खर्च होतं. गोदामात जागा झाली की समोरचं शटरसुद्धा पुढचा एक-दोन दिवस हलकं उघडतं.

जागाच नसेल तर जास्तीचा माल कुठं जातो? लिव्हरमध्ये. तिथं त्याची चरबी होते. तुमच्या सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहिलेलं असणार, पैज लावतो. ऑस्ट्रेलियात २००९ साली १९ बैठ्या, लठ्ठ लोकांवर एक लहानसा प्रयोग झाला. काही जणांना चार आठवडे सायकल चालवायला लावली. त्यांचं वजन होतं तिथंच राहिलं, पण लिव्हरमधली चरबी २१ टक्क्यांनी आणि पोटाच्या आतली १२ टक्क्यांनी उतरली. तुमची कंबर पाच सेंटिमीटर कमी झाली ती टेपची चूक नाही. काटा फक्त एकूण किती ते सांगतो, कुठलं काय गेलं ते त्याला कळत नाही.

गोदामवाला | ७ मार्च, दुपारी ३:५५

डॉक्टर, पैज जिंकलात. ग्रेड १ च लिहिलंय. मला वाटायचं ग्रेड १ म्हणजे पहिला नंबर, चांगलं असेल.

अडुसष्टलिंग | ७ मार्च, सायंकाळी ६:१०

डॉक्टरसाहेब, मी दर संक्रांतीला नंदीध्वजामागं अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतो, तीही अनवाणी. दिवसभर चालणं होतं. वर्षाचा कोटा त्यात भागतो का?

स्टेथो | ७ मार्च, सायंकाळी ६:४०

सिद्धरामेश्वरांची कृपा वर्षभर पुरेल, ग्लूट-४ दोन दिवस. म्हणून तर मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. रविवारी एकदम तीन तास चालून आठवडा ढकलणाऱ्यांनी ही दुसरी अट परत वाचा.

हिशेबनीस | ८ मार्च, सकाळी १०:१५

(मूळचा सोलापूरचा, सध्या पुणे.) थोडं विरुद्ध बोलतो. इथं सगळे 'वजन गेलं खड्ड्यात, आकडे बघा' म्हणून खूश झालेत. पण अमेरिकेतला डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम बघा, निष्कर्ष २००२ साली आले. ३,२३४ लोक, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. आहार आणि व्यायाम करणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) घेणाऱ्यांत ३१. पण त्या आहार-व्यायामवाल्यांना ७ टक्के वजन उतरवायचं लक्ष्य होतं, आणि पुढच्या विश्लेषणात दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागं धोका १६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे खरं काम वजनानंच केलं. गोदामवाल्यांना 'वजनाचं सोडा' सांगणं म्हणजे वडा चालू ठेवायला परवानगी देणं आहे.

कडकभाकरी | ८ मार्च, सकाळी १०:३०

पुण्याला गेला की माणूस वड्यावर उठतोच.

स्टेथो | ८ मार्च, दुपारी २:४५

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत. वजन उतरलं तर सोन्याहून पिवळं, त्यावर वाद नाही. पण त्याच विश्लेषणातली पुढची ओळ तुम्ही सोडलीत. वजनाचं लक्ष्य ज्यांना गाठता आलं नाही, पण ज्यांनी आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य गाठलं, त्यांच्यातसुद्धा मधुमेह ४४ टक्क्यांनी कमी निघाला.

आणि आपल्याकडचं बघा. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं असाच अभ्यास केला, २००६ ला छापून आला. ५३१ भारतीय, साखर सीमेवरची. तीन वर्षांत, नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार बदलून चालायला लागलेल्यांत तो आकडा ३९ वर आला. यांचं वजन म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं. धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला, अमेरिकेतल्या ५८ पुढं तो निम्मा, हे मान्य. पण शून्य नाही.

माझी भीती वेगळीच आहे. काटा हलत नाही म्हणून माणूस चौथ्या महिन्यात चालणं सोडतो. दरवर्षी शंभर तरी बघतो असे. वडा सोडायला तर सांगतोच आहे, पण वडा सुटला नाही म्हणून चालणंही सोडायचं, हा कुठला न्याय?

सडपातळ | ८ मार्च, रात्री ८:२०

बरं झालं बाबा, आपल्याला हे काही लागू नाही. वजन ६३, तीस वर्षं तीच पँट.

लॅबवाली | ८ मार्च, रात्री ८:३५

दादा, पोट दिसतंय का पँटीच्या वर?

सडपातळ | ८ मार्च, रात्री ८:३६

थोडंसं. माठासारखं. पण हातपाय काडी आहेत हो.

स्टेथो | ८ मार्च, रात्री ९:५०

मग जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२. एकाच वजनाला आपल्या अंगात चरबी जास्त, स्नायू कमी. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. 'हातपाय काडी, पोट माठ' हे वर्णन तुम्ही सहज केलंत, पण आमच्या कामाचं आहे. एकदा रक्त तपासून घ्या.

लालडबा | ९ मार्च, सकाळी ६:३०

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. आता निवृत्त. आमच्यात एक म्हण होती, ड्रायव्हरचं पोट स्टेअरिंगला लागलं की रिटायरमेंट जवळ आली. कंडक्टर लोक त्या मानानं हडकुळे राहायचे, उभ्या गर्दीतनं पुढंमागं करून करून. आता तिकिटं मोबाइलवर निघायलीत, तेवढं फिरणं राहिलं का काय माहीत. डॉक्टर, हे खरं असतंय का नुसत्या आमच्या गप्पा?

स्टेथो | ९ मार्च, रात्री १०:३०

काका, तुमच्या गप्पांवर अख्खं शास्त्र उभं आहे! १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार सारखाच, वस्ती सारखीच. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसाला शेकडो पायऱ्या चढून उतरणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त, आणि कंडक्टरला झालाच तर उतारवयात आणि सौम्य. व्यायाम आणि हृदय यांची सांगड घालणारं आधुनिक संशोधन इथनं सुरू झालं.

पण पुढचा किस्सा मला जास्त आवडतो. मॉरिसना स्वतःलाच शंका आली की ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील तर? त्यांनी काय करावं, बस कंपनीच्या गणवेशांची मापं मागवली. आणि खरोखरच, ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला मोठ्या निघाल्या, अगदी नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांपासून! १९५६ साली तेही त्यांनी छापलं. स्वतःच्याच निष्कर्षाला टाचणी लावणारा असा माणूस विरळा. पुढं इतर नोकऱ्यांमधल्या लोकांवर पाहणी झाली तेव्हा मूळ मुद्दा टिकला, पण कंबरेचं माप तेव्हापासून या विषयात आहे ते आहेच.

तेंदूपान | ११ मार्च, दुपारी १:१०

सगळे पार्क, तळं, किल्ला बोलायलेत म्हणून लिहिते. आम्ही पूर्व भागातले. माझी अम्मा विड्या वळते. वय ५२, वजन ७४, साखर सीमेवर आहे असं दवाखान्यात सांगितलं. "सकाळी तासभर चाला" म्हणाले. ती घरी येऊन हसली. सकाळी तासभर चालली तर शंभरएक विड्या कमी होतात, आणि पैसे विडीवर मिळतात, चालण्यावर नाही.

तिचा दिवस सांगते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. पत्रा ठेवून पान कापायचं, चिमटीत तंबाखू, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा. मान खाली, पाय दुमडलेले. हजार विड्या व्हायला नऊ तास जातात. उठते ती फक्त पाणी आलं की. आमच्याकडं पाच दिवसाआड येतं, त्या दिवशी मात्र तीस-चाळीस घागरी जिना चढवते. त्याला व्यायाम म्हणायचं का?

पार्कवर बूट घालून चालणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण अम्मानं काय करायचं ते कुणीतरी सांगा.

स्टेथो | ११ मार्च, रात्री ११:२०

ताई, तुमचा प्रश्न आल्यापासून डोक्यात आहे. 'सकाळी तासभर' हे वाक्य आम्ही सवयीनं फेकतो, समोरच्याचा दिवस कसा जातो ते विचारत नाही. चूक आमची.

घागरींचं आधी. हो, व्यायामच आहे तो, चांगला दमदार. फक्त पाच दिवसांनी एकदा, आणि वर सांगितल्याप्रमाणं असर दोन दिवसांत ओसरतो.

आता बसण्याचं. ऑस्ट्रेलियात २०१२ साली १९ जाड, मध्यमवयीन लोकांना सलग कित्येक तास बसवलं आणि गोड पेय पाजून साखर मोजत राहिले. मग तेच लोक, तेच पेय, पण दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं सावकाश चालायचं. साखरेची चढण साधारण २४ टक्क्यांनी कमी भरली, इन्सुलिनही त्याच बेतानं कमी लागलं. घाम नाही, बूट नाही. फक्त लागोपाठ बसायचं नाही.

अम्मांचं गणित तुम्हीच दिलंय. नऊ तासांत हजार म्हणजे अर्ध्या तासात पन्नास-पंचावन्न. एका कट्ट्यात पंचवीस विड्या. दोन कट्ट्यांपुरत्या विड्या झाल्या की सूप बाजूला, उठायचं, अंगणात दोन फेऱ्या नाहीतर जिना एकदा चढून उतरायचा. दोन मिनिटं. दिवसाचा हिशेब धरला तर चाळीसेक मिनिटं जातील, विड्या थोड्या कमी होतीलच, ते मी लपवत नाही.

आणि तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेही लोकांवर हे करून बघितलंय, २०१६ साली. दिवसातनं एकदा सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के, कारण लोक तेव्हाच जास्त जेवतात आणि जेवून तसेच लवंडतात. तिन्ही जमत नसेल तर निदान रात्रीचं धरा.

तेंदूपान | १२ मार्च, दुपारी १:४०

वाचून दाखवलं. म्हणाली, "दोन कट्टे म्हणजे सोपंच आहे, घड्याळ कुणाला बघायचंय." बघू किती दिवस करते.

तालीमदार | १३ मार्च, रात्री ९:००

सगळं चालणं चालणं काय लावलंय बे. जोर-बैठका कुणी बोलंना. आमच्या तालमीत साठीचे गडी पन्नास बैठका मारतात, एकालाबी शुगर नाही.

हिशेबनीस | १३ मार्च, रात्री ९:२०

ज्यांना शुगर झाली ते तालमीत यायचे बंद झाले असतील. लंडनच्या पँटींचं वाचलं नाही वाटतं.

स्टेथो | १४ मार्च, सकाळी ७:१५

हिशेबनीस, टोला बरोबर बसला. तरी तालीमदारांचं मूळ म्हणणं खरं आहे. साखर साठवायचं सगळ्यात मोठं गोदाम स्नायूच आहेत, आणि चालून ते वाढत नाहीत. चाळिशीनंतर तर आपोआप झिजतात. आठवड्यातनं दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम हवाच. ९० किलोच्या माणसानं एकदम बैठका सुरू केल्या तर गुडघे मला शिव्या देतील. खुर्चीवरनं हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, दहादा, तीन वेळा. भिंतीला हात टेकून जोर. नंतर हळूहळू खाली. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्यांनी आणि बीपी आटोक्यात नसलेल्यांनी श्वास रोखून जड उचलू नये, आधी दाखवून घ्या.

कंबरतलाव | १४ मार्च, सकाळी ८:०५

एक अनुभव सांगतो, म्हणजे दुसऱ्यावर पाळी येणार नाही. मला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू आहे. असाच एक लेख वाचून जोश आला आणि पहाटे साडेपाचला उपाशी कंबर तलावावर गेलो. रात्री जेवण अर्धंच केलं होतं, 'डाएट' म्हणून. तिसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले, घाम थंडगार, समोरचा माणूस दोन दिसायला लागला. कठड्यावर बसलो. एका आजीनं विचारलं, "अण्णा, शुगर हाय का?" आणि पदराची गाठ सोडून खडीसाखर दिली. मी तीन-चार खडे चावले. दहा मिनिटांनी जग जागेवर आलं. आजी म्हणाल्या, त्यांचे यजमानही असेच एकदा बसले होते.

डॉक्टरांनी नंतर डोस कमी केला. आता खिशात खडीसाखर असल्याशिवाय घर सोडत नाही.

स्टेथो | १४ मार्च, दुपारी ३:००

ही पोस्ट सगळ्यांनी दोनदा वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलायचंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. आणि पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर बूट-मोजे घालूनच, घरी आल्यावर तळवे बघायचे. अडुसष्टलिंग, अनवाणी प्रदक्षिणेआधी तुम्हीही साखर तपासून घ्या.

शेंगाचटणी | २ एप्रिल, दुपारी ४:००

सकाळी आठला ऊन चटकायलंय. एप्रिल-मेमध्ये कसं करता तुम्ही लोक?

लालडबा | २ एप्रिल, सायंकाळी ७:२०

पहाटे पाच ते सहा. नाहीतर रात्री जेवून. मधल्या वेळात सोलापुरात फक्त भाकरी भाजते, माणूस नाही.

गोदामवाला | २५ मे, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून सांगतो.

सकाळचं चालणं पाचला सरकवलं. रात्री जेवून बायकोबरोबर सात रस्त्यापर्यंत जाऊन परत, बारा-तेरा मिनिटं. गोदामात एक गोष्ट बदलली. आधी पोऱ्याला हाक मारायचो, "वरच्या रॅकवरचा डबल बेडशीटचा गठ्ठा आण." आता मीच शिडी चढतो. पोऱ्या सुरुवातीला घाबरला, त्याला वाटलं आपल्याला काढणार. खुर्चीची उठबस दुकानात केली तर गिऱ्हाईक बघतात, म्हणून ती गोदामात, चादरींच्या थप्पीआड.

वडा आठवड्यातनं एकदा. रविवारी. त्याच्या खाली येणार नाही, हिशेबनीस माफ करा.

एचबीएवनसी ५.७. ट्रायग्लिसराइड १४६. उपाशीपोटी साखर ९९. एचडीएल ३८, ते काही हलायला तयार नाही. कंबर ९८. वजन ८८.६. पावडरवाल्या मित्राचे सातातले पाच किलो परत आलेत, फोटो बंद आहेत.

लॅबवाली | २५ मे, रात्री ११:००

१४६! दीडशेच्या खाली! आणि साखर दोन अंकी!

स्टेथो | २६ मे, सकाळी ७:३०

पाचातल्या दोन राहिल्या, म्हणजे शिक्का पुसला. एचडीएल हळू चढतं, काहींचं चढतच नाही, त्यावर झोप घालवू नका. कंबर ९०च्या खाली यायला अजून वाट बरीच आहे, आणि ५.७ म्हणजे अजून सीमेवरच. नोव्हेंबरात परत तपासा.

तेंदूपान ताई, अम्मांचं काय?

तेंदूपान | २६ मे, दुपारी २:१५

दोन कट्ट्यांना उठणं महिनाभर नीट चाललं. मग लग्नसराईत बंद पडलं. आता परत सुरू केलंय, पण शेजारच्या दोघी घेऊन. तिघी एकदम उठतात, जिन्यावर गप्पा मारतात आणि दोन मिनिटांची दहा करतात. विड्या कमी होतात म्हणून आप्पा कुरकुरतात. साखर अजून तपासली नाही, जून उजाडला की नेणार आहे.

लॅबवाली | २६ मे, दुपारी २:३०

नेताना हिमोग्लोबिनपण बघून घ्या ताई. लोह कमी असलं तर एचबीएवनसी उगाच वर दाखवतं, मग घाबरायला होतं.

गोदामवाला | २६ मे, रात्री ९:१५

काल टेलरकडं चार पँटी टाकल्या. म्हणाला, "शेठ, किती दाबू?" मी म्हटलं, दीड इंच. तर म्हणतो, "शिलाई आत ठेवतो, कापत नाही. दिवाळीला परत सोडावी लागती सगळ्यांची."

लालडबा | २६ मे, रात्री ९:४०

कापून टाक म्हणावं.

रविवारी पहाटे पाचला तळ्यावर कोण कोण येतंय? खडीसाखर मी आणतो.